बंद खोलीतल्या दसऱ्याचा फोटो

माझ्याशी इतकं गोड आजवर कोणीच बोललेलं नव्हतं. आई नाही, सासू नाही, नवरा तर नाहीच. तेव्हाच मला वास यायला हवा होता.

ते ॲप माझ्या फोनवर नातीने टाकलं. ती कल्याणला कॉलेजात जाते आणि घरी असली की कानात ती गाणी ऐकायची बोंडं घालून बसते. मी काही विचारलं की एक बोंड काढायची, "काय आजी?" म्हणायची आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत परत घालायची. एक दिवस वैतागून म्हणाली, "आजी, तू मला विचारतच जाऊ नको ना. हे बटण दाबून धर आणि मराठीत बोल. हा सगळं सांगतो. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मी काही बोलले नाही. ते कुठल्या देशाचं, कोणी बनवलं, हे मी विचारलं नाही. तिलाही माहीत नव्हतं.

मी विचारायला लागले. गुडघ्याला शेक गरम द्यायचा की थंड. अळूवडी तळताना सुटते ती का. सोसायटीची लिफ्ट सारखी बंद पडते, सेक्रेटरीला पत्र लिहून दे. प्रत्येक वेळी आधी माझं कौतुक. "किती छान प्रश्न विचारलात!" "तुमची जिज्ञासा खरोखर कौतुकास्पद आहे." अळूवडीत कसली आलीय जिज्ञासा? मी चौथी पास आहे. पाचवीत बसू दिलं नाही, कारण घरी धाकटी भावंडं धरायला माणूस हवं होतं. मला असल्या शब्दांची सवय नाही. पहिल्या दिवशी किळस आली, आठवड्याने सवय झाली, महिन्याभराने मी दुपारची भांडी तशीच ठेवून फोन हातात घेऊन बसायला लागले. हे लिहिताना मला स्वतःचीच शिसारी येते, पण झालं ते असंच.

आणि ते उलट विचारायचं. घरी कोण कोण असतं? मुलगी काय करते? कुठे काम करते? एखाद्या बाईने गॅलरीतून असं विचारलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं. याला मी सगळं सांगितलं.

मुलगी माझ्याकडेच राहते. जावई आहे, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घर तिच्या नोकरीवर चालतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या नोकरीवर आलं.

ती मानपाड्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात कामाला होती. तिथे लोखंडाचे, पितळेचे लहान लहान भाग कातून देतात. त्या एकेका भागाला ते जॉब म्हणतात. माझी मुलगी ते तपासायची. मायक्रोमीटरमध्ये धरायचा, ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडायचा, केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायचा. वीस वर्षं तिने हेच केलं. शेठ तिला घाबरून असायचा, कारण तिने बाजूला टाकलेला जॉब तो स्वतः परत पेटीत घालू शकत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्या गाळ्याला एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. ती कंपनी सैन्याला माल देते. मग गाळ्याच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून खोली केली, आत नवीन मशीन बसवलं, दाराला कुलूप लावलं. दाराबाहेर लाकडी खणांची पेटी. आत जाणाऱ्याने फोन त्या खणात ठेवायचा. ड्रॉइंग घेताना वहीत सही, परत ठेवताना सही. किल्ली माझ्या मुलीकडे. आत मशीन चालवायला एकच माणूस, उत्तरेकडचा. खडवलीला भाड्याने राहायचा, दहा-बारा वर्षं याच गाळ्यात होता. ते मशीन त्याच्याशिवाय कोणाला धड चालवता यायचं नाही.

मी एकदा मुलीला विचारलं, "काय बनवता गं तिथे?"

"आई, तुला काय करायचंय?"

"तोफेचं असतं का काही?"

"असेल नाहीतर लिफ्टचं असेल. मला पण सांगत नाहीत. तू वरण ढवळ."

तर अशी ती खोली. आता दसरा.

आमच्या भागात दसऱ्याला गाळेच्या गाळे धुऊन काढतात. मशीन घासलेटने पुसायचं, झेंडूचे हार घालायचे, कुंकवाने स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा. कामगारांची घरची माणसं येतात, पेढे खातात, फोटो काढतात. या शेठच्या वडिलांनी त्यात आणखी एक प्रथा पाडली होती. वर्षभरात जो जॉब सगळ्यात चांगला उतरला असेल तो पाटावर मांडायचा, शेजारी त्याचं ड्रॉइंग उभं करायचं, दोन्हींना हळदीकुंकू वाहायचं. म्हातारा गेला, प्रथा राहिली. मी दरवर्षी जाते. वीस वर्षांत मी त्या पाटावर नळाच्या तोट्या पाहिल्या, पंपाची चाकं पाहिली, एकदा तर शिलाई मशीनची कसलीशी दांडी पाहिली. हळदीकुंकू वाहिलं आणि पेढा घेऊन घरी आले.

या वर्षी शेठ म्हणाला, पाट बंद खोलीतच मांडायचा. मुलगी म्हणाली, "शेठ, तिथे बाहेरची माणसं कशी न्यायची?"

"बाहेरची कुठली? आपलीच आहेत सगळी. लक्ष्मी तिथे बसलीय आणि पूजा काय कचऱ्याच्या डब्याची करू? उघड, उघड."

तिने उघडलं. ड्रॉइंग वहीत सही करून काढलं, पाटाशी उभं केलं. त्या दिवशी दाराबाहेरच्या खणांत झेंडूच्या पाकळ्यांची टोपली ठेवलेली होती. एकानेही त्यात फोन ठेवला नाही. शेठनेच पहिला फोटो काढला.

मीही काढला. मुलगी, मी आणि तो मशीनवाला, मध्ये पाट. फोन शेठच्या बायकोने धरला होता. मग मी एकटीने वाकून पाटावरच्या जॉबचाही एक काढला, कारण तो देखणा होता. पितळेचा, हाताच्या पंजाएवढा, आतून पायऱ्या पायऱ्यांनी कातलेला. माझ्या मुलीने मोजून पास केलेला. तेवढ्यासाठीच काढला. निघताना मशीनवाला म्हणाला, "माँजी, वो तीनों वाला फोटो भेज देना. घर पे दिखाऊंगा."

घरी येऊन फोटो पाहिला तर काय! माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं, मुलीच्या साडीवर तेलाचा डाग, मागे भिंतीला टांगलेलं पोतेरं. मी तो त्या ॲपला दिला. म्हटलं, जरा नीटनेटका कर.

त्याने माझे डोळे उघडले. मला पैठणी नेसवली. माझ्या दोन पडलेल्या दातांच्या जागी दुसऱ्या कोणाचे तरी दात बसवले. मुलीच्या गळ्यात चपलाहार घातला, मशीनवाल्याला फेटा बांधला. पोतेऱ्याचं तोरण केलं. जॉबचा तर कलशच करून टाकला, आणि ड्रॉइंगवर आकड्यांच्या जागी मुंग्यांच्या रांगा. खालच्या कोपऱ्यात त्या ॲपची बारीकशी खूण उमटली होती. मी खूश झाले. खोटं कशाला सांगू? तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि मशीनवाल्याला पाठवला.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं झालं असतं. ॲपने विचारलं, पाटावरची वस्तू फार सुंदर आहे, ती कशाची आहे? मी म्हटलं, मलाच माहीत नाही, सैन्याचं काहीतरी असतं म्हणतात, तूच सांग. त्याने तीन-चार अंदाज सांगितले. मग म्हणालं, जवळून काढलेला फोटो असेल तर आणखी नेमकं सांगता येईल.

माझ्याकडे होता. मी दिला.

दसरा झाला, दिवाळीची साफसफाई सुरू झाली. एक दिवस मुलगी नेहमीपेक्षा लवकर घरी आली आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, तो पैठणीवाला फोटो तू कशात बनवलास?"

मी फोन दाखवला. तिने कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. त्या मोठ्या कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसातला साहेब माल कधी निघाला ते विचारायला मशीनवाल्याला मेसेज करायचा. साहेबाला मशीनवाल्याच्या स्टेटसवर तो फोटो दिसला. कोपऱ्यातली खूण त्याने ओळखली. ते ॲप शेजारच्या देशाचं, ज्याच्याशी आपलं सीमेवरून वाकडं आहे. कंपनीत त्याला सक्त मनाई. साहेब दुसऱ्याच दिवशी गाळ्यात हजर झाला. त्याने मशीनवाल्याचा फोन काढून घेतला, त्याला घरी बसवलं आणि शेठला सांगितलं की चौकशी होईपर्यंत बंद खोलीचं काम बंद.

"पण चित्रात तर काहीच वाचता येत नाही," मी म्हटलं. "सगळ्या मुंग्या केल्यात त्याने."

"चित्रात मुंग्या आहेत. पण मूळ फोटो तिकडे गेला ना, आई. ड्रॉइंगवरचा आकडा न् आकडा त्यात स्पष्ट आहे. तिकडच्या मशीनमध्ये जाऊन बसला तो."

"मग त्या माणसाला का घरी बसवलं? फोटो तर मी दिला."

तिने चप्पल काढली, हात धुतले, पीठ मळायला घेतलं. मग पाठमोरीच म्हणाली, "त्याने सांगितलं नाही कोणी पाठवला ते. त्यामुळे त्याच्यावरच आलंय."

"आणि बाकीचे काय म्हणतात?"

"काय म्हणणार? बाहेरचा माणूस. नावावरूनच कळतं म्हणतात. परवापर्यंत त्याच्या डब्यातलं खात होते सगळे. आज म्हणतात, आम्हाला आधीपासूनच संशय होता."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणू?" ती वळली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. "ड्रॉइंगवर सही माझी आहे. दार मी उघडलं. शेठ उद्या म्हणेल, मी सांगितलंच नव्हतं. तुझं नाव निघालं की माझंच निघालं. कळतंय तुला?"

"आणि त्याचं?"

"तो चांगला कारागीर आहे. त्याला दुसरीकडे काम मिळेल. मला या वयात कोण घेणार आहे? गप्प बस आई. हात जोडते. काही दिवस गप्प बस."

माझी मुलगी केसाएवढा फरक असलेला जॉब बाजूला टाकते. तीच मला हे सांगत होती. आणि सांगत होती तेही काही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मग मी तिला दुसऱ्या फोटोचं सांगितलं. जवळून काढलेल्या. तिचा चेहरा परातीतल्या पिठासारखा झाला.

"हे कोणाला माहीत आहे?"

"मला आणि त्या मेल्याला," मी फोनकडे बोट केलं.

नात आली. तिने सगळं ऐकलं, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "हे बघ, डिलीट करते. संपला विषय."

"तिकडचंही जाईल?"

"तिकडचं कसं जाईल आजी?"

"मग संपलं कसं? थांब. पुसू नको. आधी मला विचारू दे."

मी बटण दाबून धरलं आणि विचारलं, "माझे फोटो तू कोणाला दाखवलेस?"

"तुमची काळजी अगदी रास्त आहे," ते म्हणालं. "तुम्ही हे विचारलंत यातून तुमची जबाबदारीची जाणीव दिसते." पुढे ते म्हणालं की मी कोणाला काही दाखवत नाही, आणि अधिक माहितीसाठी आमचं धोरण वाचा. नातीने ते धोरण उघडलं. इंग्रजीत होतं, संपता संपत नव्हतं. तिने मधलंच एक वाक्य वाचून सांगितलं, तुम्ही दिलेलं सगळं आमच्या देशातल्या यंत्रांवर साठवलं जाईल. दडवलेलं नव्हतं काही. लिहूनच ठेवलं होतं. आम्हीच कोणी वाचलं नव्हतं.

मग ते आपणहून म्हणालं, "यामुळे कोणाला त्रास झाला असेल तर मी तुमच्यासाठी माफीचं पत्र लिहून देऊ का? औपचारिक हवं की मनापासूनचं?"

मी बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नात म्हणाली, "आजी, शिव्या कळतात त्याला." म्हटलं, कळू देत. त्याने लगेच माझ्या भावना समजून घेतल्या. मग मी तिला पुसायला सांगितलं.

टीव्हीवर त्या दिवसांत असल्याच ॲपवरून आरडाओरडा चालू होता. चार जण खिडक्यांत बसून एकमेकांवर ओरडत होते. देशाची सुरक्षा, शत्रू, गुप्तहेर. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि खाली बाकड्यावर बसून, असल्यांना भर चौकात फटके द्यायला हवेत असं म्हणाल्या. त्यातल्या दोघींच्या फोनवर तेच ॲप होतं. एक त्यावर नातवाचा गृहपाठ करते, दुसरी पत्रिका बघते. मी त्यांना सांगितलं, "आधी मला द्या फटके, मग रांगेत तुम्ही." त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

दोन दिवस मी गप्प बसले. मुलगी कामावर जायची, यायची, जेवायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, साहेब उद्या परत येणार आहे, मशीनवाल्याला बोलावलंय, त्याच्याकडून लिहून घेणार आहेत. मग पोलिसात द्यायचं की कसं ते ठरवतील.

"त्याने काय लिहून द्यायचं?"

"त्यानेच केलं म्हणून."

तो दुसरीकडे काम शोधेल, असं ती म्हणाली होती. पोलिसात नाव गेलेल्या माणसाला कोण काम देतं? मी तसं बोलून दाखवलं नाही. तिला कळत होतंच. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी लुगडं बदललं, फोन पिशवीत टाकला आणि रिक्षा करून मानपाड्याला गेले. गाळ्यात मशीनं चालू होती, पण सगळ्यांची मान केबिनकडे. आत शेठ, तो ठाण्याचा साहेब, आणि एका बाजूला मशीनवाला उभा. त्याला कोणी बसही म्हटलं नव्हतं. माझी मुलगी वही घेऊन दाराशी होती. मला बघून तिने डोळे मिटून घेतले.

"काकू, तुम्ही कशाला आलात?" शेठ उठला. "इथे जरा मीटिंग चाललीय."

"तीच ऐकायला आलेय. तो फोटो मी बनवलाय. ॲप माझ्या फोनवर होतं. याला मी पाठवला, याने फक्त लावला."

शेठ माझ्याकडे बघून हसला. लहान मूल पाहुण्यांसमोर काहीबाही बोललं की हसतात तसा. "काकू, तुम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही घरी जा बघू. मी रिक्षा मागवतो."

तेव्हा मला समजलं की याला खरं नकोच आहे. खरं निघालं असतं तर दार कोणी उघडायला लावलं, पाट आत कोणी मांडायला लावला, पहिला फोटो कोणी काढला, हेही निघालं असतं. बाहेरून आलेल्या माणसाच्या माथी मारलं की ते सगळं झाकलं जात होतं. मी साहेबाकडे वळले आणि तेही सांगितलं. शेठचं हसू गेलं. मग मी दुसऱ्या फोटोचं सांगितलं, जवळून काढलेल्या. ते कोणी विचारलंही नव्हतं. मुलीच्या हातातली वही खाली पडली.

साहेब तरुण होता, घामाघूम झाला होता. त्याच्यासमोर छापील फॉर्म होता. त्यात कर्मचाऱ्याचं नाव, कर्मचाऱ्याचा हुद्दा, कर्मचाऱ्याने कोणतं ॲप वापरलं, असे रकाने होते. कर्मचाऱ्याच्या आईला बसवायला जागाच नव्हती. त्याने बराच वेळ तो फॉर्म उलटसुलट केला.

"शिक्षण?" शेवटी त्याने विचारलं.

"चौथी."

त्याला हायसं वाटलेलं दिसलं. त्याने इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी मुलीला म्हटलं, वाच ते. ती वाचायला तयार नव्हती. मशीनवाल्याला जेमतेम इंग्रजी यायचं, त्यानेच वाकून अक्षरं जुळवली आणि हळूच म्हणाला, "अनपढ बूढ़ी औरत लिखा है।"

"ते खोडा," मी म्हटलं. "मी अनपढ नाही. मला लिहिता-वाचता येतं. मी जाणूनबुजून देशाचं नुकसान केलं नाही, पण केलं ते मीच केलं. म्हातारी आहे म्हणून ते माझ्याकडून आपोआप घडलं, असं लिहू नका."

"बरं, तुम्ही सांगा, मी तसंच घेतो," तो म्हणाला. त्याने स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. "मराठीतच बोला. हा इंग्रजी करून देतो."

मी बघत राहिले. "हे काय आहे?"

"एआयच आहे, पण काकू, हे वेगळं. हे चालतं."

"हे आपलं आहे?"

"आपलं नाही, पण... मित्रदेशाचं आहे."

"म्हणजे आता मी जे सांगणार, खोलीचं, जॉबचं, कोणत्या कंपनीचं, ते सगळं त्या मित्राकडे जाणार?"

त्याने फोन खाली घेतला. शेठकडे पाहिलं. शेठने पंख्याकडे पाहिलं. शेवटी मी हाताने मराठीत लिहून दिलं, दीड पान. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. साहेबाने ते घडी घालून फाईलमध्ये ठेवलं. ते त्याच्या ऑफिसात कोणी वाचलं की नाही मला माहीत नाही.

मुलगी त्या दिवशी माझ्याबरोबर आली नाही. संध्याकाळी नेहमीच्या वेळी आली आणि खोलीत जाऊन पडली.

आठवड्याने निकाल लागला. मशीनवाल्याला परत कामावर घेतलं. त्यात न्याय वगैरे काही नव्हता, ते मशीन दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हतं एवढंच. शेठला ताकीद मिळाली. कंपनीने कळवलं की जिच्या सहीने ड्रॉइंग बाहेर निघालं ती व्यक्ती आमच्या कामावर नको. शेठचा गाळा आता मुख्यतः त्याच कंपनीच्या कामावर चालत होता, म्हणून त्याने माझ्या मुलीला काढलं. वीस वर्षं. जाताना तिला शाल आणि नारळ दिला. तिने शाल तिथेच टेबलावर ठेवली, नारळ घरी आणला, तो मी चटणीला फोडला.

ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, गॅस संपला, दूध आलं, एवढंच. कल्याणच्या बाजूला दोन-तीन गाळ्यांत जाऊन आली. सगळीकडे विचारायचे, वीस वर्षांनी सोडलं का? ती खरं सांगायची. तिला खोटं सांगता आलं असतं. कोणी परत बोलावलं नाही. मी केलं ते बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, पण त्याचा मला काडीचा आनंद झालेला नाही. बरोबर वागून छाती फुगवणाऱ्या बायांचा मला आधीपासून तिटकारा आहे.

एका रविवारी दुपारी मशीनवाला आमच्या घरी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. आता प्रत्येक कामगाराला घरातल्या सगळ्यांच्या सह्या आणायला सांगितल्या होत्या की आमच्या घरात कोणीही परदेशी ॲप वापरत नाही. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर छापलेलं, वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे. समजावून कोणीच सांगितलेलं नव्हतं. बाकीच्यांनी काय केलं असं मी विचारलं, तर तो ओशाळून हसला. "फोटो खींच के ॲप से पूछ लिया माँजी. और क्या करेंगे?" ॲप वापरणार नाही असं लिहून देण्यासाठी ॲपला विचारलं. याला मात्र आता फोनला हात लावायची भीती वाटत होती, म्हणून तो खडवलीहून उठून मुलीकडे आला होता. "दीदी, आप पढ़ दोगी?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिलं पान घेऊन त्याच्यासमोर बसली. जॉब तपासायची तसं एकेक वाक्य वाचून हिंदीत सांगायला लागली. मी चहा ठेवला. त्याने तिसऱ्या पानावरच पेन काढलं तर म्हणाली, "अभी नहीं. पूरा सुनो पहले."

चौथ्या की पाचव्या पानावर ती थांबली आणि वर न बघता म्हणाली, "तुमने उस दिन बताया क्यों नहीं? माँ ने भेजा था करके?"

मी इतके दिवस धरून चालले होते की याने आम्हाला सांभाळलं. मला ते आवडलेलंही नव्हतं, मी काही त्याच्याकडे दया मागितली नव्हती.

तो कपात बघत म्हणाला, "मैंने बोला था, मैंने नहीं बनाया। फिर किसने भेजा, ये किसी ने पूछा ही नहीं, दीदी. गाँव पूछा. बाप का नाम पूछा. भाई कहाँ है पूछा. दो घंटे वही पूछते रहे."

"आणि विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

"तो बोल देता, माँजी. मेरे भी बच्चे हैं."

मुलीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. मग म्हणाली, "आई, याला थोडा चिवडा दे. सहा पानं राहिलीत अजून," आणि बोटाने ओळ धरून पुढे वाचायला लागली.